युरोपला बोल्ट पाठवताय? कार्बनचा हिशोब आधी आपल्या शेडमध्ये करा

रबाळे-महापे पट्ट्यात नट-बोल्ट बनवून युरोपला पाठवणाऱ्या बऱ्याच मालकांकडे सध्या एक एक्सेल फाइल पडून आहे. जर्मनीच्या नाहीतर इटलीच्या खरेदीदाराने पाठवलेली, रकाने भरून परत मागितलेली. ती कन्सल्टंटच्या गळ्यात घालायच्या आधी हे वाचा. मी इथल्याच एका फास्टनर कारखान्यात एक्सपोर्टचे कागद बघते. या फाइलला लागणारे आकडे कन्सल्टंटकडे नसतात. ते कॉइलच्या टॅगवर, स्टोअरच्या रजिस्टरमध्ये आणि भंगाराच्या वजनकाट्याच्या पावतीवर असतात. तुम्ही ते दिले नाहीत तर युरोप आपले ठोकताळे लावतो आणि ते महागात पडतात.

फाइल सीबॅमची आहे, म्हणजे कार्बन बॉर्डर अ‍ॅडजस्टमेंट मेकॅनिझमची. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती. १ जानेवारी २०२६ पासून युरोपात उतरलेल्या मालावर पैसे लागू झाले. लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज एवढंच यात येतं, पण लोखंड-पोलादात ७३१८ हा आपला नट-बोल्टचा कस्टम कोड आहेच. कायद्याने पैसे आयातदार भरतो, टनभर कार्बन डायऑक्साइडमागे एक सर्टिफिकेट. पुढच्या ऑर्डरच्या भावात तो ते तुमच्याकडून काढणार. २०२६ च्या मालाची सर्टिफिकेटं फेब्रुवारी २०२७ पासून मिळणार आणि पहिला वार्षिक हिशोब ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत द्यायचा आहे. म्हणून निवांत राहू नका. आज फेकलेला टॅग तेव्हा कुठून आणणार?

हे आलं कुठून तेही समजून घ्या, म्हणजे ते लवकर जाणार नाही हे पटेल. युरोपात २००५ पासून मोठ्या कारखान्यांना धुरासाठी परवाने लागतात. पोलादवाले देश सोडून जाऊ नयेत म्हणून त्यांना त्यातले बरेचसे फुकट मिळत आले. ते फुकटचे परवाने २०२६ पासून थोडेथोडे कमी होऊन २०३४ ला संपणार आहेत. तिथल्या कारखान्याला परवाना विकत घ्यावा लागणार आणि बाहेरचं पोलाद तसंच आत येणार, हे तिथल्या कोणत्याच सरकारला परवडणारं नाही. जेवढे फुकटचे परवाने घटतील तेवढा सीबॅमचा बोजा वाढेल. २०२६ ला तो हलका वाटेल, पण त्यावरून पुढचा अंदाज बांधू नका.

सुरुवात खरेदीदाराला एक प्रश्न विचारून करा: वर्षभरात तुम्ही सीबॅमचा एकूण किती टन माल आणता? २०२५ च्या दुरुस्तीने वर्षाला ५० टनांपर्यंत आणणाऱ्या आयातदाराला सूट मिळाली आहे. ही मर्यादा त्याच्या सगळ्या पुरवठादारांच्या मालाची मिळून असते, एकट्या तुमच्या मालाची नाही. बोल्टचा वीस फुटी कंटेनर वीस टनांच्या पुढे सहज जातो, त्यामुळे तीन कंटेनरमध्ये मर्यादा ओलांडली जाते. खरेदीदार खरंच छोटा असेल तर तसं त्याच्याकडून ईमेलवर लेखी घ्या आणि तिथेच थांबा.

मोठा असेल तर खरं काम वायर रॉडपाशी, म्हणजे बोल्टसाठी कॉइलमध्ये येणाऱ्या पोलादी सळीपाशी आहे. बोल्टच्या कार्बनचा बहुतेक भाग ते पोलाद वितळलं त्या ठिकाणी तयार होतो. आपलं ड्रॉइंग, हेडिंग, थ्रेड रोलिंग त्यापुढे किरकोळ आहे. २०२५ च्या दुरुस्तीत अशा फिनिशिंग टप्प्यांचं उत्सर्जन बऱ्याच मालाच्या हिशोबातून वगळलंय ते त्यामुळेच. पोलादाच्या मालाला विजेचं उत्सर्जनही सध्या धरत नाहीत. छतावर सोलर बसवा, महावितरणचं बिल नक्की कमी होईल, पण ‘सीबॅमसाठी सोलर’ म्हणून कोणी विकायला आलं तर सही करू नका.

हिशोब असा. समजा, ब्लास्ट फर्नेसचा रॉड आहे आणि मिलने टनाला २.२ टन कार्बन डायऑक्साइड असा आकडा दिला. तुमच्याकडे एक टन बोल्टला १.०६ टन रॉड लागतो. मग २.२ गुणिले १.०६, म्हणजे २.३३. तोच रॉड भंगार वितळवून केलेला असेल आणि मिलचा आकडा ०.५ असेल, तर ०.५३. भंगाराचं उत्सर्जन शून्य धरतात, म्हणून एवढा फरक. मात्र इंडक्शन फर्नेस म्हटलं की कार्बन कमी, असं धरून चालू नका. आपल्याकडे त्या भट्टीत कोळशावर केलेला स्पंज आयर्न भरपूर पडतो आणि त्याचा कार्बन मोजला जातो. मिलला रूट, म्हणजे पोलाद कोणत्या पद्धतीने केलं ते विचारा, चार्जमध्ये काय काय पडतं ते विचारा आणि टनामागचा आकडा पडताळणी अहवालासकट मागा. युरोपात खरा आकडा चालतो तो मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेला असेल तरच. नाहीतर युरोपियन कमिशनचे देशवार डिफॉल्ट (ठोकताळ्याचे) आकडे लागतात, त्यावर २०२६ ला १० टक्के, २०२७ ला २० आणि २०२८ पासून ३० टक्के चढवून.

वरचा १.०६ सुद्धा अंदाजाने टाकू नका. स्टोअरमधून किती रॉड निघाला, पॅकिंगला किती बोल्ट गेले आणि भंगारवाल्याच्या काट्यावर किती वजन भरलं, हे तिन्ही दर महिन्याला जुळवा. आणि जानेवारी ते डिसेंबर धरा. आपल्या अकाउंटंटचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि युरोपचा हिशोब कॅलेंडर वर्षाचा असतो, हे त्याला आजच सांगून ठेवा.

आता टॅग. कॉइल ट्रकमधून उतरते तेव्हा तिच्या पट्टीला पत्र्याचा नाहीतर प्लास्टिकचा टॅग तारेने बांधलेला असतो. त्यावर हीट नंबर (पोलाद वितळवलेल्या घाण्याचा नंबर), ग्रेड, वजन. पिकलिंगच्या (अ‍ॅसिडने धुण्याच्या) आधी पट्टी कापली की टॅग जमिनीवर, आणि संध्याकाळी झाडूबरोबर बाहेर. आमच्याकडे ड्रॉइंगवरचे मामा पट्टी कापायच्या आधी मोबाइलवर फोटो काढतात, टॅग जॉब कार्डाला स्टेपल करतात आणि मगच ग्राइंडर लावतात. कळंबोलीच्या बाजारातून फुटकळ माल उचलत असाल तर जास्त जपा. एका व्यापाऱ्याने दोन हीटच्या कॉइल एकाच मिल टेस्ट सर्टिफिकेटवर पाठवल्या होत्या. आमच्या स्टोअरने ट्रक रिकामा करायच्या आधी ते पकडलं. टॅगचा आणि सर्टिफिकेटचा हीट नंबर जुळत नसेल तर माल उतरवून घेऊ नका, ओळखीचा व्यापारी असला तरी.

हेच सर्टिफिकेट दुसऱ्या कारणासाठीही लागतं, आणि ते थेट युक्रेनच्या युद्धातून आलंय. ३० सप्टेंबर २०२३ पासून, रशियन पोलाद वापरून तिसऱ्या देशात केलेला माल युरोपात नेता येत नाही. तुमचा रॉड रशियन बिलेटचा (ज्यापासून रॉड लाटतात त्या पोलादी ठोकळ्याचा) नाही हे आयातदाराला दाखवावं लागतं आणि त्याचा सोपा पुरावा म्हणजे पोलाद कुठे वितळलं ते लिहिलेलं मिल टेस्ट सर्टिफिकेट. रशियावरचे हे आर्थिक निर्बंध दर सहा महिन्यांनी वाढवावे लागतात आणि त्याला सत्तावीसही देशांची संमती लागते. म्हणून जानेवारी आणि जुलैच्या शेवटी तिकडे ओढाताण चालते. तेवढ्या बातम्या ऐकून कागद मागणं सोडू नका.

बातम्या वाचताना एवढं बघा: युरोपियन कमिशनने ‘प्रस्ताव’ मांडला, की पार्लमेंट आणि सदस्य देशांच्या कौन्सिलने तो मंजूर केला? प्रस्तावावर भाव बदलू नका. भारत-युरोप मुक्त व्यापार कराराचंही तसंच. बोलणी २००७ ला सुरू झाली, २०१३ ला थांबली, २०२२ ला पुन्हा सुरू झाली आणि या सगळ्या काळात ‘करार झाला की सगळं सोपं होईल’ हे मी ऐकत आलेय. करारातून मुख्यतः आयातशुल्क कमी होतं. सीबॅम हा त्यांचा वेगळा कायदा आहे, फाइल भरावीच लागेल.

ती भरण्यात फायदाही आहे, हे मनापासून सांगते. २०२२ पासून चीनच्या लोखंडी फास्टनरवर युरोपने ८६.५ टक्क्यांपर्यंत अँटी-डंपिंग ड्यूटी लावली आहे. चीनला पर्याय शोधणारा खरेदीदार आपल्या दारात येतो, आणि दोन कोटेशनमध्ये ज्याच्याकडे तपासलेला आकडा आहे त्याच्याशी तो आधी बोलतो.

आपल्या शेडमधल्या भट्टीच्या पीएनजीचं (पाइपच्या गॅसचं) मीटर मात्र दर महिन्याच्या एक तारखेला लिहून ठेवा, कँटीनचा गॅस त्याच लाइनवर असेल तर तो वेगळा काढा. खरेदीदारांच्या फाइलमध्ये तो रकाना अजून असतो. शिवाय ब्रिटनचा स्वतःचा असाच नियम १ जानेवारी २०२७ पासून येतोय; तिकडे माल जात असेल तर त्याची फाइल वेगळी करा.