पिस्तुलाचे चित्र नको, नकाशा दाखवा

अमेरिकेतील महाविद्यालयांच्या आवारात शस्त्र बाळगण्याच्या प्रश्नावर प्रकल्प सादर करताना पहिल्याच स्लाइडवर पिस्तुलाचे मोठे छायाचित्र लावण्याचा मोह होतो; तो टाळावा, कारण त्यातून श्रोत्याला नवे काहीच कळत नाही. त्याऐवजी त्या देशाचा राज्यनिहाय नकाशा घेऊन तो परवानगी, बंदी आणि निर्णय संस्थेवर सोडलेला, अशा तीनच छटांत रंगवावा, म्हणजे तिथे सर्वत्र एकच नियम नाही हे न सांगताही समजते. त्यापुढे साधी कालरेषा पुरते: १ ऑगस्ट १९६६ रोजी ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून गोळीबार झाला आणि बरोबर ५० वर्षांनी, १ ऑगस्ट २०१६ रोजी, परवानाधारकांना सार्वजनिक विद्यापीठांच्या इमारतींत पिस्तूल लपवून बाळगू देणारा कायदा त्याच राज्यात लागू झाला. या दोन तारखा शेजारी-शेजारी ठेवल्या की वेगळ्या भाष्याची गरज उरत नाही. मृतांची छायाचित्रे मात्र कटाक्षाने वगळावीत. तुलनेसाठी आपला १९५९ चा शस्त्र अधिनियम एका ओळीत सांगावा.

लातूर-नांदेडकडे दुपारच्या उन्हात, खिडक्यांना पडदे नसलेल्या वर्गात, प्रोजेक्टरवरचे फिकट रंग पार विरून जातात. म्हणून गडद छटा निवडाव्यात आणि आदल्या दिवशी शेवटच्या बाकावर बसून स्लाइड पाहून घ्याव्यात. दुसऱ्या संगणकावर मराठी फॉन्ट बिघडतो, यासाठी पीडीएफ प्रत सोबत असावी, आणि वीज गेलीच तर नकाशाची एक मोठी छापील प्रतही.