लाइन गेल्यावर मराठी बिघडते : मायएसक्यूएल क्लायंटचा चारसेट कसा सांभाळावा

जिनिंगच्या ऑफिसात शेतकऱ्यांची यादी भरणं चालू असतं आणि लाइन जाते. मायएसक्यूएल डेटाबेसचा सर्व्हर परत चालू होतो, क्लायंट (आपण आज्ञा देतो तो प्रोग्रॅम) आपसूक जोडला जातो आणि पुढच्या नोंदी बिघडतात. कारण ‘सेट नेम्स’ (कुठला चारसेट, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये मांडायची कुठली पद्धत वापरायची, हे सर्व्हरला सांगणारी आज्ञा) त्या जोडणीपुरतंच असतं. जोडणी तुटली की तेही गेलं.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप रोमनमध्ये करा.

१. विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) आधी ‘सीएचसीपी ६५००१’ द्या, म्हणजे खिडकी यूटीएफ८ वापरेल. चौकोन दिसले किंवा मात्रा सुट्या पडल्या, तर बहुतेक वेळा दोष फाँटचा असतो.

२. मायएसक्यूएल क्लायंट उघडून ‘शो व्हेरिएबल्स लाइक "कॅरॅक्टर_सेट%";’ चालवा. क्लायंट, कनेक्शन, रिझल्ट्स या तिन्हींपुढे यूटीएफ८एमबी४ (मराठीसकट सगळ्या लिप्यांचा चारसेट) हवं.

३. नसेल तर ‘सेट नेम्स’ऐवजी ‘चारसेट यूटीएफ८एमबी४’ द्या. ही क्लायंटची स्वतःची आज्ञा आहे. ती सर्व्हरला ‘सेट नेम्स’ पाठवते आणि क्लायंटचा डिफॉल्टही बदलते, म्हणून पुन्हा जोडणी झाली तरी टिकते. आखूड रूप बॅकस्लॅश आणि मोठा सी. छोटा सी दिला तर लिहीत असलेली ओळ रद्द होते, बाकी काही नाही.

४. रोजची कटकट नको असेल तर कॉन्फिग फाइलमध्ये ‘मायएसक्यूएल’ विभागाखाली ‘डिफॉल्ट-कॅरॅक्टर-सेट=यूटीएफ८एमबी४’ लिहा. ‘मायएसक्यूएलडी’खाली ही ओळ गेली तर सर्व्हरच सुरू होणार नाही.

आता तपासणी. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका : लॅटिन१ (युरोपीय अक्षरांचा चारसेट) जोडणीतून चुकीचं भरलेलं नाव त्याच जोडणीतून वाचलं तर ठीक दिसतं, ब्राउझरमध्ये मात्र युरोपीय अक्षरांचा कचरा. म्हणून ‘सिलेक्ट हेक्स(गाव) फ्रॉम शेतकरी;’ चालवून साठवलेले बाइटच बघा. ‘वर्धा’ म्हणजे ५ कॅरॅक्टर, १५ बाइट, सुरुवात ई०ए४बी५. सी३ए०सी२ए४ने सुरुवात असेल तर दुहेरी एन्कोडिंग झालंय, म्हणजे यूटीएफ८च्या बाइटना लॅटिन१ अक्षरं समजून पुन्हा यूटीएफ८ केलंय. बॅकअप घ्या आणि फक्त तेवढ्याच ओळींवर हे चालवा :

अपडेट शेतकरी सेट गाव = कन्व्हर्ट(कास्ट(कन्व्हर्ट(गाव यूझिंग लॅटिन१) ॲज बायनरी) यूझिंग यूटीएफ८एमबी४) व्हेअर हेक्स(गाव) लाइक 'सी३ए०सी२ए४%';

व्हेअर विसरलात तर चांगल्या नावांचीही प्रश्नचिन्हं होतील. हेक्समध्येच ३एफ३एफ (३एफ म्हणजे प्रश्नचिन्ह) असेल, तर मूळ अक्षरं गेलीच. काटापावत्या काढून परत टाइप करा. स्क्रीनवर प्रश्नचिन्हं पण हेक्स बरोबर असेल, तर पायरी ३ पुरते.