मोबाईलची स्क्रीन फुटली? दुकानात द्यायच्या आधी आणि घरी उघडायच्या आधी हे वाचा

स्क्रीन फुटली की पहिला प्रश्न "किती लागतील" हाच असतो, पण त्याच्या आधी नक्की काय फुटलंय ते बघायला पाहिजे, कारण सगळा खर्च त्याच्यावरच ठरतो. आधी वरची टेंपर ग्लास काढा. हसू नका, फक्त टेंपर फुटलेली असताना डिस्प्ले बदलायचा भाव विचारत फिरणारे लोक खरंच असतात. टेंपर निघाल्यावर खालची काच नखाला गुळगुळीत लागली तर शंभर-दीडशेची नवीन टेंपर मारा आणि विषय संपवा.

खालची काच तडकलीय पण चित्र स्वच्छ आहे, टच सगळीकडे चालतोय, म्हणजे फक्त वरची काच गेली. शाई सांडल्यासारखा काळा डाग, हिरवी-गुलाबी उभी लाइन, अर्धा भाग पांढरा, म्हणजे डिस्प्ले गेला. फोन आपोआप ॲप उघडतोय, कुणालापण कॉल लावतोय, म्हणजे टच गेला. अशा वेळी फोन लगेच बंद करा, नाहीतर तो स्वतःच चुकीचा पिन मारत बसतो आणि लॉक होऊन जातो. आणि रिंग वाजतेय पण स्क्रीन पूर्ण काळी असेल तर डिस्प्ले मेलाच असं धरू नका, पडल्यामुळे डिस्प्लेची आतली केबल-पट्टी कनेक्टरमधून सुटलेली असू शकते. दुकानदाराला आधी ती बसवून बघायला सांगा.

न पडता हिरवी लाइन आली असेल तर पैसे द्यायच्या आधी कंपनीच्या सेंटरला विचारा. वनप्लसने भारतात अशा लाइनसाठी स्क्रीन मोफत बदलून दिल्यात. मात्र फोन पडल्याची खूण दिसली की हे सहसा मिळत नाही.

आता आपल्याकडचा प्रॉब्लेम. कोकणात जांभ्याचं अंगण, चिऱ्याची पायरी, फोन पडतो तो नेमका एखाद्या टोकावर कोपरा आपटून, आणि तड गेली की वरून पाऊस आणि खारी हवा. तडकलेल्या काचेतून पाणी आत जायला वेळ लागत नाही. गोडं पाणी एकवेळ परवडलं, खाऱ्या पाण्याने कनेक्टरवर हिरवट गंज चढतो आणि मग डिस्प्ले बदलूनपण फोन धड चालत नाही. म्हणून पहिलं काम, रुंद पारदर्शक पॅकिंग टेप पूर्ण स्क्रीनवर ताणून चिकटवा. काचेचे कण बोटात जात नाहीत आणि दमट हवापण थोडी अडते. असा फोन घेऊन हर्णैच्या लिलावात किंवा मिरकरवाड्याला मासे घ्यायला जाऊ नका, ओले हात लागणारच. भिजला असेल तर बंद करा, चार्जिंगला लावू नका, आणि तांदळाच्या डब्यात तर मुळीच घालू नका. तांदूळ आतलं पाणी ओढून घेत नाही, वर भुसा मात्र पोर्टमध्ये जातो, ॲपलनेसुद्धा असं करू नका म्हणून सांगितलंय.

दुसरं काम डेटा. डिस्प्ले दिसतोय पण टच मेलाय तर साधा यूएसबी माऊस आणि ओटीजी केबल (माऊस फोनला जोडायची छोटी केबल) घ्या, स्क्रीनवर बाण येतो, त्याने पिन टाका आणि फोटो, व्हॉट्सॲप, कॉन्टॅक्ट सगळ्याचा बॅकअप घ्या. बहुतेक अँड्रॉइडवर हे चालतं. दुकानात पिन लिहून देऊ नका. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आहे, पिक्सेलमध्ये रिपेअर मोड आहे, ते चालू केलं की दुकानदाराला टच-कॅमेरा तपासता येतो पण तुमचे फोटो-मेसेज दिसत नाहीत. बाकी फोनवर स्वतः समोर उभं राहून पिन टाका, एवढंच.

फक्त काच गेली असेल तर "ग्लास चेंज" होतो का विचारा. काच डिस्प्लेला एका पारदर्शक चिकट थराने चिकटलेली असते, ती गरम प्लेटवर ठेवून बारीक तारेने कापून वेगळी करतात आणि नवीन काच मशीनमध्ये हवा काढून चिकटवतात. हे घरी करायचं काम नाही. सरळ डिस्प्लेवर चांगलं होतं, कडेला वळलेल्या डिस्प्लेवर रिस्क बरीच, तार लागून चांगला डिस्प्ले मरू शकतो, तसं झालं तर भरपाई कोण देणार ते आधीच बोलून घ्या. तालुक्याच्या गावात हे मशीन प्रत्येकाकडे नसतं, बऱ्याचदा फोन कोल्हापूरला नाहीतर मुंबईला जातो. कुठे जाणार आहे ते विचारा, त्यात लपवण्यासारखं काही नसतं.

डिस्प्ले किंवा टच गेला असेल तर पूर्ण "कॉम्बो", म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले एकत्र, काहीजण "फोल्डर" म्हणतात, तोच बदलावा लागतो. इथेच सगळा घोळ. दुकानदार म्हणतो, "ओरिजनल गावाचा नाय ओ, कॉपी लावतंय, चलात." म्हणजे ओरिजनल मिळायचा नाही, कॉपी लावतो, चालेल. चालते ती, पण कसली कॉपी ते विचारायला पाहिजे. तुमच्या फोनला मुळात अमोलेड (ओलेडचाच प्रकार, ठिपके स्वतःच उजळतात) असेल आणि त्याने स्वस्तातली इनसेल किंवा टीएफटी (दोन्ही एलसीडीच, मागून उजेड लागणारी) लावली तर काळा रंग राखाडी दिसतो, उन्हात स्क्रीन फिकी पडते, बॅटरी जास्त खाते, पॅनल जाड असल्याने कडेला किंचित वर येते. आणि सगळ्यात मुख्य, स्क्रीनमधला फिंगरप्रिंट बंद पडतो, कारण बहुतेक फोनमध्ये त्या सेन्सरला बोट बघायचं तर प्रकाश पॅनलच्या आरपार जावा लागतो आणि एलसीडीच्या मागे बॅकलाइटचा थर असतो. असा फोन असेल तर "ओलेड कॉपी आहे का सर्व्हिस पॅक" हे स्पष्ट विचारा. सर्व्हिस पॅक म्हणजे कंपनीचाच पार्ट, महाग पण तोच. आयफोन ११ पासून पुढे बाहेरचा डिस्प्ले लावला की सेटिंगमध्ये पार्ट अनोळखी असल्याचं दिसतं आणि ट्रू टोन, म्हणजे उजेडाप्रमाणे स्क्रीनचा रंग जुळवणारी सोय, जाऊ शकतो. विकायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा.

भावाचं म्हणाल तर साध्या एलसीडी फोनचा कॉम्बो साधारण हजार-दोन हजारात बसतो, अमोलेडचा ओरिजनल बऱ्याचदा पाच हजाराच्या पुढे जातो. खर्च फोनच्या आजच्या जुन्या बाजारातल्या किमतीच्या अर्ध्याच्या वर जात असेल तर मी तरी करू नका म्हणेन. फोन वॉरंटीत असेल किंवा स्क्रीनचा इन्शुरन्स काढलेला असेल तर मात्र आधी कंपनीच्या सेंटरलाच जा, बाहेर उघडल्यावर तो हक्क जाऊ शकतो. आणि गणपतीच्या तोंडावर शक्यतो देऊ नका. चाकरमानी आले की दुकानात फोनचा ढीग असतो, मुंबईहून पार्ट घेऊन येणाऱ्या लक्झरी गाड्या भरलेल्या, आणि घाईत चिकटवलेली स्क्रीन दिवाळीपर्यंत कडेने उचलते. त्यापेक्षा मुंबईला परत जाणाऱ्या भावोजींकडे फोन द्या, तिथे पार्टला चॉइसपण जास्त.

जुना डिस्प्ले परत मागा. काच फुटलेला पण चित्र चालू असलेला ओरिजनल अमोलेड व्यापारी विकत घेतात, नवीन काच चिकटवून तोच परत विकला जातो. दुकानात सोडणार असाल तर त्याचे पैसे बिलातून कमी करून घ्या. हे बोलायला लोक उगाच लाजतात.

घरी करायचं म्हणत असाल तर एलसीडीवाला, प्लास्टिक बॅकचा जुना फोनच घ्या. काचेच्या पाठीचा, वॉटरप्रूफ, महागडा फोन सोडून द्या. डिस्प्ले "विथ फ्रेम" मिळत असेल तर थोडे जास्त द्या पण तोच घ्या, कारण त्यात स्क्रीन फ्रेमला आधीच व्यवस्थित चिकटवून येते आणि आपल्या हवेत रिपेअर फसतं ते बहुतेक चिकटवण्यातच. फक्त त्यात बोर्ड, बॅटरी, स्पीकर सगळं नवीन फ्रेममध्ये हलवावं लागतं. जुनी बॅटरी चिकटलेली असते, तिची ओढायची पट्टी असेल तर ती हळू ओढा, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, बॅटरीला भोक पडलं की आग लागते. म्हणून चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणून फोन बंद करूनच सुरुवात. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा आणि दुकानात न्या.

सिम ट्रे आधी काढा, नाहीतर बॅक निघताना ट्रे मोडतो. हेअर ड्रायरने कडा गरम करून प्लास्टिकचं पातळ कार्ड घालून फिरवा, पण सावकाश, काही फोनमध्ये फिंगरप्रिंटची पट्टी बॅकला जोडलेली असते आणि हिसका दिला की तुटते. कागदावर फोनचं चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू काढलेल्या जागीच ठेवा, लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर खालचा बोर्ड मरतो. मग सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, नंतरच डिस्प्लेचा. कनेक्टरवर हिरवं-पांढरं काही दिसलं तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. थिनर नको, प्लास्टिक खातो. नवीन डिस्प्ले नुसता जोडून, त्याची फिल्म न काढता फोन चालू करा आणि टच, रंग, ब्राइटनेस बघा. हे चिकटवायच्या आधी करायचं, कारण फिल्म काढलेला पार्ट कुणी परत घेत नाही.

फ्रेमशिवायचा घेतला असेल तर फ्रेममधला जुना गम आणि काचेचा शेवटचा कणसुद्धा काढा, एक कण राहिला तरी नवीन स्क्रीन तिथूनच तडकते. डोळ्याला चष्मा लावा. गम म्हणजे बी-७००० किंवा काळा टी-७०००, बारीक रेषेत, कानाच्या जाळीपासून आणि सेन्सरपासून लांब. वरून रबरबँड लावा पण करकचून नको, जास्त दाबाने पॅनलवर डाग पडतो. निदान २४ तास हात लावू नका, पावसाळ्यात ४८ धरा. जून ते सप्टेंबर बाहेर धो धो चालू असताना उघड्या पडवीत बसून हे करूच नका, आत अडकलेली दमट हवा नंतर कॅमेऱ्याच्या काचेवर धुकं बनून दिसते. एसी असलेली खोली मिळाली तर उत्तम, नाहीतर कोरड्या उन्हाचा दिवस बघा आणि बंद करायच्या आधी आतून ड्रायरची कोमट हवा मारा. आणि एकदा उघडलेला फोन वॉटरप्रूफ राहिला असं कुणी कितीही सांगितलं तरी तो पावसात प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवा.

दुकानातून घेताना काउंटरवरच तपासा. सॅमसंगमध्ये डायलरवर *#०*# टाकलं की टेस्ट मेनू येतो, शाओमीत *#*#६४८४#*#*. बाकी फोनवर एखादं ॲपचं आयकॉन बोटाने पकडून पूर्ण स्क्रीनभर फिरवा, जिथे सुटेल तिथे टच मेलेला. पांढरा फोटो लावून पिवळे-गुलाबी डाग बघा, बाहेर उन्हात जाऊन ब्राइटनेस बघा, एक कॉल करून कानाला लावल्यावर स्क्रीन बंद होते का बघा. सेन्सरवर गम गेला असेल तर ती होत नाही.

वॉरंटी किती ते बिलावर लिहून घ्या, सोबत आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख नंबर) आणि "कॉपी" की "ओरिजनल" हा शब्दपण. तोंडी वॉरंटी दुकानाच्या पायरीपर्यंतच असते. ओरिजनलचे पैसे घेऊन कॉपी लावली आणि बदलून देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार होते, पण त्यासाठी हातात ते बिल पाहिजे.