लघवीत पू, कल्चर मात्र कोरं

एसटीत कंडक्टर असलेल्या एक ताई कॅरीबॅगेत रिपोर्टांचा गठ्ठा घेऊन आल्या. आठ महिने जळजळ, रात्री सहा-सहा वेळा उठणं, अँटिबायोटिकचे चार कोर्स. प्रत्येक तपासणीत पस सेल्स (पूच्या पेशी) भरपूर आणि प्रत्येक कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, 'वाढ नाही'. हे दोन कागद शेजारी दिसले की मी आधी टीबी शोधतो. साध्या कल्चरमध्ये हा जंतू उगवतच नाही. खोकला नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ, म्हणून गाफील राहू नका. रक्तातून किडनीत पोचलेला जंतू तिथे वर्षानुवर्षं दबा धरून बसतो.

चूक होते ती नमुना देताना. सकाळची पहिली लघवी हवी, सलग ३ ते ५ दिवस, कारण जंतू रोज उतरतोच असं नाही. लॅब लांब असेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवा (घरचे नाक मुरडतील, मुरडू द्या). त्याआधी लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक गोळी नको. ती टीबीलाही अर्धवट दाबते आणि रिपोर्ट फसवा येतो. सीबीनॅटचं (टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी तपासणी) उत्तर काही तासांत मिळतं, पण निगेटिव्ह आलं म्हणून सुटलो असं नाही. एमजीआयटी या टीबीसाठीच्या खास कल्चरसाठी ६ आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. सोबत सीटी युरोग्राम (किडनी आणि मूत्रमार्गाचा सीटी स्कॅन) करायचा.

औषधं सरकारी केंद्रात मोफत, वजनाप्रमाणे: २ महिने चार औषधं, पुढे ४ महिने तीन. निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवर नोंद झाली की पोषणासाठी दरमहा १००० रुपयेही मिळतात. लघवी केशरी होईल, घाबरू नका. डोळ्यांना रंग ओळखताना गडबड झाली तर मात्र त्याच दिवशी दाखवा. गर्भनिरोधक गोळीवर या काळात विसंबू नका. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे किडनीचं काम मंदावलं असेल, तर डोस बदलावे लागतात.

आता माझी स्वतःची चूक. पूर्वी एका पेशंटला बरं वाटतंय म्हणून मी सोनोग्राफी लांबवली. टीबीची जखम भरताना युरेटर (किडनीतून मूत्राशयाकडे जाणारी नळी) आकसतो, तेही न दुखता, आणि वरची किडनी फुगून निकामी होते. त्याची किडनी गेली. तेव्हापासून औषधं सुरू झाल्यावर महिन्याभरात सोनोग्राफी, पुढेही ठरावीक अंतराने. ताईंची डावी किडनी पाचव्या आठवड्यात फुगलेली दिसली, लगेच डीजे स्टेंट (युरेटर उघडा ठेवणारी बारीक नळी) घातला. किडनी वाचली. मूत्राशय मात्र लहानच राहिलं; त्यांनी लांब पल्ल्याची ड्युटी सोडून गावातल्या फेऱ्या मागून घेतल्या.