सस्टेनेबिलिटी रिपोर्ट वाचताना कुंपणाच्या बाहेर कसं बघायचं

सस्टेनेबिलिटी रिपोर्ट म्हणजे पर्यावरण आणि माणसं ह्यांच्यासाठी आपण काय करतो ते कंपनीने स्वतःच छापलेलं पुस्तक. शर्ट बनवणारी कंपनी असो नाहीतर समुद्रकिनाऱ्यावरचं रिसॉर्ट, दोघांचे हे रिपोर्ट हल्ली सारखेच दिसतात. पहिल्या पानावर हिरवीगार झाडं, मग सीईओचं पत्र, मग हसणाऱ्या बायकांचे फोटो आणि मध्येच कुठेतरी आकडे. हे सगळं खोटं असतं असं नाहीये, आकडे बऱ्याचदा खरेच असतात, पण काय मोजायचं नि काय नाही ह्याचं कुंपण कंपनीने स्वतःच घातलेलं असतं, आकडे त्याच्या आतले असतात आणि भानगड असते बाहेर. त्यामुळे रिपोर्ट हातात आला की पहिलं काम एकच, कुंपण कुठे घातलंय ते शोधायचं. नोकरी बघताय, पैसे गुंतवताय, माल घेताय की नुसतं बुकिंग करताय, पद्धत तीच.

शेवटची पानं आधी उघडा

सीईओचं पत्र सोडून द्या. शेवटी बारीक अक्षरात रिपोर्टची व्याप्ती दिलेली असते, कोणते प्लांट धरलेत, कोणते नाही, भागीदारीतले धरलेत का, कंत्राटी कामगार मोजलेत का. ‘आमच्या सर्व कारखान्यांमध्ये’ असं वाक्य दिसलं की बघा कंपनीचे स्वतःचे कारखाने आहेत तरी किती, कारण कपडे, बूट, इलेक्ट्रॉनिक्स ह्या धंद्यात मोठे ब्रँड बराचसा माल दुसऱ्याकडून बनवून घेतात आणि मग ‘आमचे’ म्हणजे ऑफिस आणि गोदामं एवढंच उरतं. सप्लायरची यादी दिलीय का तेही तिथेच कळतं. काही ब्रँड नाव-पत्त्यासकट यादी जाहीर करतात, ओपन सप्लाय हब नावाच्या फुकट डेटाबेसमध्ये कारखाना शोधताही येतो. यादी नसेल तर बाकीच्या सुंदर वाक्यांचं वजन तिथेच निम्मं करा.

कार्बनचा हिशोब बहुतेक जण ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल ह्या नियमावलीप्रमाणे करतात. त्यात स्कोप १ म्हणजे स्वतःच्या बॉयलर-गाड्यांचा धूर, स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज आणि स्कोप ३ म्हणजे उरलेलं सगळं, कच्चा माल, सप्लायर, वाहतूक, ग्राहकाचा वापर, शेवटचा कचरा, एकूण १५ प्रकार. कपडे किंवा फोन विकणाऱ्या कंपनीचा मोठा वाटा ह्या तिसऱ्यातच असतो. म्हणून ‘उत्सर्जन निम्म्यावर आणलं’ अशी ओळ आली की शेजारची चांदणी (*) शोधा, खाली ‘स्कोप १ आणि २’ लिहिलेलं सापडण्याची शक्यता भरपूर. रिसॉर्टच्या हिशोबात पाहुण्यांचा विमानप्रवास धरलाय का तेही बघा.

अजून एक गंमत, टक्केवारी कशाच्या मागे आहे ते. ‘दर शर्टामागे उत्सर्जन २० टक्के कमी’ हे खरं असू शकतं, पण त्याच काळात शर्ट ५० टक्के जास्त बनवले असतील तर एकूण धूर २० टक्के वाढलाय, कॅल्क्युलेटरवर ०.८ गुणिले १.५ करून बघा. हवेला एकूण आकड्याशी मतलब असतो, दर नगाच्या नाही. ‘कार्बन न्यूट्रल’ प्रॉडक्टबद्दल तर मी फार वेळ घालवत नाही, बहुतेक वेळा आपला धूर तसाच ठेवून दुसरीकडच्या झाडांचे क्रेडिट विकत घेतलेले असतात, ह्यालाच ऑफसेट म्हणतात. युरोपियन युनियनने २०२४ साली केलेल्या निर्देशात नुसत्या ऑफसेटच्या जोरावर प्रॉडक्टला असं म्हणवून घ्यायला बंदी घातलीय, लागू व्हायची तारीख २७ सप्टेंबर २०२६.

सर्टिफिकेट नेमकं कशाचं आहे

लोगो बघून समाधान मानू नका, प्रत्येक लोगोला विचारा की बाबा तू नक्की काय तपासलंस. आयएसओ १४००१ हे व्यवस्थापन पद्धतीचं सर्टिफिकेट आहे, म्हणजे पर्यावरणाचं काम ठरवायची आणि तपासायची पद्धत कंपनीकडे आहे, नदीत सोडलेलं पाणी स्वच्छ आहे असं त्यात कोणी लिहून देत नाही. आयएसओ २६००० हे सामाजिक जबाबदारीबद्दलचं नुसतं मार्गदर्शन आहे, त्याचं सर्टिफिकेट मिळतच नाही, त्यामुळे कोणी ‘आयएसओ २६००० सर्टिफाइड’ लिहिलं असेल तर तो रिपोर्ट बंद केला तरी चालेल. कापसाच्या बाबतीत ‘मास बॅलन्स’ हा शब्द दिसला तर समजा की कंपनीने तेवढ्या वजनाचा चांगला कापूस खरेदीच्या हिशोबात दाखवलाय, पण तुमच्या अंगावरच्या शर्टात तोच असेल असं नाही.

किनाऱ्याकडे ब्लू फ्लॅग ह्या पर्यावरणाच्या मानांकनाचा मान मोठा, पण तो बीच, मरीना किंवा पर्यटक बोटींना मिळतो आणि दर सीझनला नव्याने घ्यावा लागतो. शेजारचं हॉटेल तो झेंडा आपल्या माहितीपत्रकात छापतं ते उसनं तेज. जीएसटीसीचं (ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम कौन्सिल) पण असंच, ही संस्था पर्यटनासाठी निकष बनवते आणि सर्टिफिकेट देणाऱ्यांना मान्यता देते, हॉटेलला स्वतः सर्टिफिकेट देत नाही, म्हणजे ‘जीएसटीसीने सर्टिफाय केलं’ असं कोणी म्हणत असेल तर खरं देणारं कोण ते विचारा.

सोशल ऑडिटवर, म्हणजे कामगारांना कसं वागवतात ह्याच्या तपासणीवर, जास्त वेळ द्या कारण इथे चूक म्हणजे माणसं मरतात. ११ सप्टेंबर २०१२ ला कराचीत अली एंटरप्रायझेस ह्या कपड्याच्या कारखान्याला आग लागून २५० हून जास्त कामगार गेले, खिडक्यांना गज होते, दरवाजे बंद होते, आणि काहीच आठवडे आधी त्याला एसए ८००० हे कामगार-हक्कांचं नावाजलेलं सर्टिफिकेट मिळालं होतं. पुढच्या वर्षी २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशातली राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत पडली, १,१३४ माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना भेगा दिसल्या तेव्हा खालची बँक आणि दुकानं बंद झाली, पण वरच्या शिलाई कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. तिथल्या काही कारखान्यांचं ऑडिट आधी झालेलं होतं, पण ते कामगारांच्या बाबतीतलं, इमारतीचा सांगाडा ऑडिटच्या कुंपणाबाहेर होता.

त्यानंतर १५ मे २०१३ ला तिथल्या कारखान्यांच्या सुरक्षिततेसाठी झालेला अ‍ॅकॉर्ड करार वेगळा ठरला आणि चांगलं काम कसं दिसतं ते त्याच्यावरून ओळखता येतं. ब्रँड आणि युनियन दोघांच्या सह्या, कायद्याने बांधील, इंजिनियरकडून तपासणी, रिपोर्ट जाहीर, आणि दुरुस्तीला पैसे कुठून येणार ह्याची जबाबदारी ब्रँडवरही. मग तुमच्या समोरच्या रिपोर्टला हेच चार-पाच प्रश्न लावा. ऑडिटचे पैसे कोणी दिले, आधी कळवून गेले होते का, कामगारांशी मॅनेजरच्या माघारी बोलले का, युनियन आहे का, आणि जे सापडलं ते छापलंय का. ‘९८ टक्के सप्लायर पास’ असं वाचलं की मला उलट काळजीच वाटते.

पगाराच्या जागी ‘कायद्यानुसार किमान वेतन देतो’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे कायदा पाळतो एवढंच, त्यात घर चालतं का हा वेगळा प्रश्न. ओव्हरटाइमचं मूळ तर बऱ्याचदा ब्रँडच्या खरेदी विभागात असतं, डिझाइन शेवटच्या क्षणी बदलायचं, भाव पाडायचा आणि तारीख तीच ठेवायची, मग सप्लायर रात्रपाळी लावणार नाही तर काय करणार. खरेदीच्या पद्धतीवर रिपोर्टमध्ये एक तरी पान आहे का बघा, सहसा नसतं. परदेशी कामगार असतील, कारखान्यात काय नि रिसॉर्टमध्ये काय, तर दोन गोष्टी: नोकरी लावायची फी कोणी भरली आणि पासपोर्ट कोणाकडे असतो. कर्जात अडकवणं आणि कागदपत्रं ताब्यात ठेवणं ह्या दोन्ही गोष्टी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने (आयएलओ) जबरदस्तीने करून घेतलेल्या मजुरीच्या ११ खुणांमध्ये धरल्यात.

किनाऱ्यावर कुंपण खरंखुरं असतं

रिसॉर्टचा रिपोर्ट टॉवेल, स्ट्रॉ आणि सोलरने भरलेला असतो. तुम्ही पाणी, वाळू आणि जमीन ह्यांच्याबद्दल विचारा.

पाण्यापासून सुरू करा. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, हलकं असतं म्हणून. ढोबळ नियम असा की समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण ४० मीटर असतं. हाच नियम उलटा लावा, बोअरने उपसून पातळी १ मीटर उतरली की खारं पाणी कालांतराने ४० मीटर वर चढू शकतं, आणि ते रिसॉर्टच्या हद्दीत थांबत नाही, शेजारच्या गावाच्या विहिरीपण खारट होतात. म्हणून ‘दर पाहुण्यामागे इतके लिटर’ वाचून खूश होऊ नका, पाणी येतं कुठून ते शोधा. समुद्राचं पाणी गोडं करणारा प्लांट असेल तर मागे उरलेलं जास्त खारट पाणी कुठे सोडतात तेही विचारा, जगभरचा हिशोब धरला तर १ लिटर गोड्या पाण्यामागे सुमारे दीड लिटर असलं पाणी निघतं.

सांडपाण्याचं उदाहरण म्हणजे फिलिपिन्समधलं बोराकाय. तिथे हॉटेलं वाढत गेली, सगळी ड्रेनेजला जोडलेली नव्हती, घाण समुद्रात जात राहिली आणि शेवटी सरकारने २६ एप्रिल २०१८ पासून सहा महिने अख्खं बेटच पर्यटकांसाठी बंद केलं. त्याचा मार मोठ्या हॉटेलांबरोबर हजारो वेटर, बोटवाले, फेरीवाले ह्यांनाही बसला, आणि त्यांच्याकडे सहा महिने काढायला शिल्लक नसते. त्यामुळे विचारताना ‘तुमच्याकडे ट्रीटमेंट प्लांट आहे का’ एवढ्यावर थांबू नका, अख्ख्या पट्ट्याची क्षमता किती आणि खोल्या किती हे विचारा.

वाळूचं गणित सोपं आहे पण कोणी सांगत नाही. लाटांबरोबर वाळू किनाऱ्याने सरकत असते. आपला बीच रुंद ठेवायला रिसॉर्टने समुद्रात दगडी बांध आडवा टाकला की एका बाजूला वाळू साठते आणि दुसऱ्या बाजूचा किनारा उपाशी राहून खचतो, आणि त्या बाजूला बहुतेकदा मच्छिमारांची घरं असतात. जुन्या-नव्या सॅटेलाइट नकाशांमध्ये हे घरबसल्या दिसतं, बांधाच्या दोन्ही बाजू दहा वर्षांच्या अंतराने बघा.

कांदळवनाच्या बाबतीत ‘इतकी लाख रोपं लावली’ हा आकडा सोडून द्या, तीन-पाच वर्षांनी जगली किती ते मागा. चुकीच्या भरती-रेषेवर, जिथे आधी कधी कांदळवन नव्हतंच अशा चिखलात रोपं खोचली की बरीचशी मरतात, फोटो मात्र काढून झालेला असतो. आणि आधी कापलं किती हे कोणत्याच पानावर नसतं.

जमिनीचा प्रश्न सगळ्यात अवघड. किनारा पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्यांकडे, जाळी वाळवणाऱ्यांकडे, होड्या ओढणाऱ्यांकडे कागद नसतो. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत किनाऱ्यापासून १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात घरं परत बांधायला मनाई झाली, पण पर्यटनाला सूट मिळाली, पुढे ती अट सैल करावी लागली. तर रिपोर्टमध्ये ‘स्थानिकांशी सल्लामसलत केली’ असं असेल तर विचारा की कोणत्या भाषेत, जागा ठरायच्या आधी की नंतर, आणि लोक नको म्हणाले असते तर काय बदललं असतं. होड्या लावायची वाट अजून उघडी आहे का, हा एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा.

मेल कसा लिहायचा

लांब लिहू नका, तीन प्रश्न पुरे, आणि प्रत्येकाचं उत्तर आकडा, नाव किंवा कागद असलं पाहिजे. म्हणजे ‘तुम्ही पर्यावरणाची काळजी घेता का’ असं नाही, तर ‘गेल्या वर्षी बोअरमधून किती पाणी उपसलं’, ‘कामगारांच्या तक्रारी किती आल्या नि किती सुटल्या’, ‘सर्टिफिकेटचा पूर्ण ऑडिट रिपोर्ट मिळेल का’. तक्रारी शून्य असं उत्तर आलं तर तक्रार करायची सोयच नसेल असं धरून पुढचा प्रश्न विचारा. एखादी कंपनी ‘हे आम्ही अजून मोजत नाही, पुढच्या वर्षीपासून मोजू’ म्हणाली तर मी तिला चकचकीत उत्तर देणारीपेक्षा वर ठेवतो.

आणि उत्तर येईपर्यंत त्याच कंपनीचा चार-पाच वर्षांपूर्वीचा रिपोर्ट शोधून काढा, जुन्या वेबपेजच्या संग्रहात सापडतो. त्यातली उद्दिष्टं एका बाजूला, नव्यातली दुसऱ्या बाजूला ठेवा. कुठलं उद्दिष्ट गायब झालंय, कशाचं आधारवर्ष (ज्या वर्षाशी तुलना करतात ते) बदललंय आणि कोणता कारखाना यादीतून निघालाय, तिथून पुढचे तीन प्रश्न आपोआप मिळतात.