शिमग्याआधी जाळरेषा

आमचं गाव भोर तालुक्यात, वरंध घाटाच्या अलीकडे. इथे वणवा आपोआप लागत नाही. विडीचं थोटूक, मोहोळ झाडणाऱ्याचा पलिता, राब (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेली जमीन) भाजताना उडालेली ठिणगी, नाहीतर ‘जाळलं की गवत जोमानं येतं’ हा समज. गवत येतंही, पण पहिल्या पावसात उघडी माती ओढ्यात जाते आणि हिरड्या-जांभळाची रोपं उरत नाहीत.

जाळरेषा म्हणजे वणवा अडवायला गवत-पातेरा काढून मोकळा केलेला पट्टा. ती कुठे घ्यायची ते ठरवायला दिवाळीनंतर कागदावर शिवार काढा. पायवाटा, पाणी, देवराई, कारवीचं रान आणि गेल्या वर्षी आग जिथून चढली ती जागा, एवढं पुरे. सगळा डोंगर राखायला माणसं पुरत नाहीत; आम्ही रस्त्याची कड, राबांच्या वरची कड आणि देवराईचा काठ एवढंच धरतो. कारवी फुलून मेली की वाळक्या काठ्या उभ्या राहतात. त्या वर्षी तिथली रेषा दुप्पट रुंद.

जाळरेषा जानेवारीत घ्या. १० फूट पट्टा, गवत कमरेएवढं असेल तर २०. कोयत्याने कापा, मग दाताळ्याने पातेरा ओढून माती दिसेपर्यंत साफ करा. पहिल्या वर्षी कापलेलं गवत आम्ही पट्ट्यातच ढीग करून ठेवलं. आग आली आणि त्याच ढिगांवरून पलीकडे गेली! आता गवत त्याच दिवशी गोठ्यात. काही ठिकाणी पट्टा जाळावाही लागतो, पण वनरक्षक हजर नसेल तर काडी ओढायची नाही. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे.

राब पहाटे भाजा, दव असताना, वारा पडलेला असताना. थोडी झुळूक असलीच तर ती जिकडे जाते त्या कडेने पेटवा, म्हणजे जाळ वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकतो. कडेला पाण्याचे हंडे भरलेले हवेत.

तरीही वणवा लागलाच तर आधी वन विभागाच्या १९२६ वर फोन. आगीच्या वरच्या अंगाला कधीच उभं राहू नका. दिवसा वारा चढणीला वाहतो आणि जाळ माणसापेक्षा वेगाने वर पळतो. जळून गेलेल्या बाजूने या, कडेकडेने ओल्या टहाळ्याने दाबत चला. टहाळा डोक्यावर उचलून आपटणारे उत्साही असतात, त्यांना मागे घ्या, ठिणग्या तेच उडवतात. विझल्यावर रात्रभर दोघं राखणीला ठेवा. धुमसणारा ओंडका उतारावर घरंगळला की खाली नवा वणवा.

आमच्या आत्याचा राब रेषेला अगदी लागून आहे. आदल्या रात्री तिचा निरोप येतो, ‘उद्या भाजत्ये, ये रे.’ मी दाताळं घेऊन जातो. चहा तिच्याकडेच होतो.