पणजीत दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी खोली शोधताना

दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठात, बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा शहरातल्या एखाद्या हॉटेलात दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली, की पुण्या-कोल्हापूरकडचा विद्यार्थी सर्वप्रथम मोबाइलवर ‘पणजी, समुद्राजवळ, स्वस्त’ असे शोधू लागतो. तिथे दिसणाऱ्या खोल्या पर्यटकांसाठी असतात आणि त्यांचा दर रात्रीचा असतो. रात्रीला १,२०० रुपये हा आकडा दोन दिवसांच्या सहलीला परवडतो, पण ६० रात्रींचे ७२,००० रुपये होतात. तेव्हा खोलीचा विचार थोडा बाजूला ठेवून तयारीची सुरुवात संस्थेच्या पत्रापासून करावी.

रुजू होण्याची आणि कार्यमुक्त होण्याची तारीख, कामाचे नेमके ठिकाण, रोजच्या वेळा आणि साप्ताहिक सुट्टी ही माहिती पत्रात नसेल तर ईमेलने मागून घ्यावी, आणि त्याच ईमेलमध्ये संस्थेचे वसतिगृह किंवा अतिथिगृह इंटर्नना मिळते का, हेही विचारावे. त्याहून मोलाची चौकशी म्हणजे मागच्या तुकडीतले विद्यार्थी कुठे राहिले होते ही. ज्या घरमालकाला दोन महिन्यांचे भाडेकरू ठेवण्याची सवय आहे त्याच्याकडे जागा मिळणे, अकरा महिन्यांच्याच कराराचा आग्रह धरणाऱ्या दहा मालकांना समजावण्यापेक्षा कितीतरी सोपे असते.

त्यानंतर दिनदर्शिका समोर घ्यावी. गोव्यात भाडे महिना कोणता आहे यावर ठरते. जून ते सप्टेंबर हा पावसाळा स्वस्ताईचा. ऑक्टोबरपासून दर चढू लागतात आणि नाताळ ते नववर्ष या आठवड्यात ते कुठल्या कुठे जातात. खास पणजीत नोव्हेंबरच्या उत्तरार्धातही खोल्यांची टंचाई असते, कारण २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव तिथे भरतो, आणि त्याला लागूनच ३ डिसेंबरला जुने गोवे येथे सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, येतो. तुमच्या मुदतीत डिसेंबर येत असेल तर मासिक भाडे पूर्ण मुदतीसाठी एकच राहील, असे मालकाकडून लेखी घ्यावे. ‘विसाव्या तारखेनंतर खोली रिकामी करावी लागेल’ हे वाक्य ऐनवेळी ऐकलेले विद्यार्थी मला माहीत आहेत.

आता परिसर. मिरामार आणि दोना पावला इथे समुद्राची किंमत भाड्यात मिसळलेली असते. सकाळी नऊला कामावर जाऊन संध्याकाळी सहाला परतणाऱ्या माणसाने ती का द्यावी, हे मला कधीच पटलेले नाही. मिरामारची वाळू संध्याकाळी सर्वांना फुकट आहे. काम दोना पावलाला किंवा विद्यापीठात असेल तर ताळगाव, सांतिनेज आणि करंझाळे हे भाग आधी पाहावेत, बांबोळीला असेल तर सांताक्रूझ आणि मेरशी. मांडवी नदीपलीकडे पर्वरीला जागा अधिक मिळतात, पण सकाळच्या वेळी पूल ओलांडण्याचा वेळ स्वतः एकदा मोजल्याशिवाय तिथले भाडे स्वस्त म्हणू नये. काम पणजीच्या बाजारपेठेत असेल, तर नदीपलीकडचेच बेती हा पर्याय सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही. तिथून फेरीबोटीने काही मिनिटांत पणजीच्या धक्क्यावर उतरता येते आणि पायी प्रवाशाला तिकीट लागत नाही.

दोन महिन्यांची जागा घरबसल्या पक्की करू नये, हा या तयारीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. फोटो पाठवून, आपण लष्करात असून बदली झाल्याचे सांगून, ‘टोकन’ म्हणून क्यूआर कोडवर पैसे मागणारे लोक नेमके अशाच परगावच्या विद्यार्थ्यांच्या शोधात असतात, आणि पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करायला सांगणारा तर निश्चित लबाड, कारण स्कॅन केल्याने पैसे येत नाहीत, जातात. रुजू होण्याच्या चार दिवस आधी पोहोचता येईल असे रेल्वेचे तिकीट काढावे. पणजीला सर्वांत जवळचे स्थानक करमळी आहे, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, म्हणून थिवी आणि मडगावचाही विचार ठेवावा. पहिल्या तीन-चार रात्रींपुरती एखाद्या हॉस्टेलमधली खाट आरक्षित करावी. मिरामारला सरकारी यूथ हॉस्टेलही आहे. तिथे जागा आणि मुक्कामाची मर्यादा फोनवर विचारून घ्यावी.

या चार दिवसांत पायी फिरावे. ताळगावसारख्या भागात अनेक खोल्यांची जाहिरात कुठेच नसते. फाटकावर टांगलेली ‘टू लेट’ची पाटी किंवा कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार हीच त्यांची जाहिरात. सकाळी पाव घेऊन सायकलवर येणाऱ्या पोदेरालाही विचारावे, त्याला कोणाचे घर बंद आहे हे दलालापेक्षा आधी कळते. दलालाकडे जायचेच असेल तर दलाली किती, हे खोली पाहण्यापूर्वी ठरवावे, कारण दोन महिन्यांच्या मुक्कामावर महिन्याभराच्या भाड्याएवढी दलाली म्हणजे भाडे दीडपट झाल्यासारखेच आहे.

खोली दिवसा पाहावी आणि शक्य झाल्यास पावसात पाहावी. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो, त्यामुळे भिंतीवरची ओल हा इथे किरकोळ दोष नसतो. कपाट उघडून वास घ्यावा, गादी उलटून पाहावी, खिडक्या समोरासमोर आहेत का आणि कपडे वाळत घालायला आडोसा आहे का, हे बघावे. माझ्या जुलैतल्या खोलीत हे सगळे पाहायचे राहून गेले, आणि तिसऱ्या आठवड्यात बुटांवर हिरवी बुरशी धरली. नळाला पाणी किती वेळ येते, वीज गेल्यास इन्व्हर्टर आहे का, मोबाइलला खोलीच्या आत रेंज मिळते का, आणि विजेचे बिल भाड्यात धरले आहे की वेगळ्या मीटरवर, हे चारही प्रश्न अनामत देण्यापूर्वी विचारावेत.

कागदपत्रांत आधार कार्डाच्या चार-पाच प्रती, छायाचित्रे, संस्थेचे पत्र आणि महाविद्यालयाचे ओळखपत्र सोबत ठेवावे. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे ही गोव्यात मालकाची जबाबदारी असते. तो फॉर्म भरण्याचा आग्रह भाडेकरूनेच धरावा, कारण त्यामुळे तुमचे तिथले राहणे नोंदले जाते. करार दोन पानांचा असला तरी चालेल, पण त्यात भाडे, अनामत, ती परत मिळण्याची तारीख आणि मुदतीपूर्वी जागा सोडल्यास काय, हे लिहिलेले असावे. भाडे यूपीआयने द्यावे, रोख दिल्यास पावती घ्यावी. हॉस्टेल किंवा पीजी असेल तर सांगितलेल्या दरात जीएसटी धरला आहे का, हेही विचारावे: माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या मुक्कामाला जुलै २०२४ पासून जी सूट मिळाली आहे ती सलग किमान ९० दिवस राहणाऱ्यांसाठी आहे, आणि दोन महिन्यांचा इंटर्न तीत बसत नाही.

भाड्याच्या जोडीला प्रवास आणि जेवण मिळवल्याशिवाय हिशेब खरा होत नाही. पणजीहून दोना पावलाला मिरामारमार्गे बस मिळते, पण रात्री उशिरा सुटणारे काम असेल तर बसवर भिस्त ठेवू नये. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवरून भाड्याने प्रवासी नेणारा ‘पायलट’ एखाद्या दिवशी उपयोगी पडतो, रोज परवडत नाही. स्कूटर भाड्याने घ्यायची तर महिन्याचा दर विचारावा आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्यावी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे. घरची दुचाकी रेल्वे पार्सलने आणणेही शक्य असते. त्यासाठी नोंदणी पुस्तिकेची प्रत लागते आणि पेट्रोलची टाकी रिकामी करून द्यावी लागते. जेवणाचे म्हणाल, तर छोट्या खानावळीतले शीत-कोडी, म्हणजे भात आणि माशाची आमटी, रोज खाऊनही माणूस कंटाळत नाही, फक्त १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात ताजी मासळी महागते, हे गृहीत धरावे. गॅस वापरायची परवानगी नसेल तर निदान इलेक्ट्रिक किटली चालेल का, हे मालकिणीला पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

ताब्यात घेताना खोलीचे, आधीच्या डागांचे आणि वीज मीटरच्या आकड्याचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावेत. सोडतानाही तेच करावे, आणि परतीचे तिकीट हिशेबाच्या दिवसाचे न काढता दुसऱ्या दिवसाचे काढावे. गाडीची वेळ झालेल्या माणसाला अनामत ‘नंतर पाठवतो’ असे सांगणे फार सोपे असते.